पाव्हण्याला बोलू द्यायचं नसतं

आमच्या गावात परदेशातला माणूस मुक्कामाला येणार म्हणून वेशीत फ्लेक्स लागला, आणि त्या फ्लेक्सवर भलत्याच माणसाचा फोटो होता. बाकी चेहरे सगळे बरोबर. सरपंच मोबाईल कानाला लावून, माजी सरपंच गॉगल घालून, खाली शुभेच्छुकांची रांग. मधोमध पाहुणा म्हणून टाय घातलेला, घाऱ्या डोळ्यांचा कोणीतरी चाळिशीतला गृहस्थ. खऱ्या पाहुण्याचा फोटो कोणाकडेच नव्हता, म्हणून फ्लेक्सवाल्यानं मोबाईलवर शोधून एक गोरा माणूस टाकून दिला. मी सरपंचांना म्हटलं, अहो, हा तो नव्हे. तर म्हणाले, "मॅडम, गोरे समदे सारखेच दिसतेत. कोण वळखायलंय?"

खरा पाहुणा ताडकळसहून येणाऱ्या एसटीतून उतरला. पाठीवर त्याच्याएवढीच पिशवी, नाकावर पांढरं मलम, डोक्यावर शेतात बुजगावण्याला घालतात तसली टोपी. त्यानं फ्लेक्सकडे बघून हात जोडले आणि मला हळूच इंग्रजीत विचारलं, हे गृहस्थ कोण, मला त्यांनाही भेटायला आवडेल. मी म्हटलं, ते जरा बाहेरगावी गेलेत.

हे पोरगं म्हणजे मिशनरी. जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचं, लांबच्या थंड देशातून देवाचं काम करायला वर्षभरासाठी आलेलं. आमच्या भागात मिशनचा एक छोटा दवाखाना आहे, केरळकडच्या एक मोठ्या सिस्टर तो चालवतात. त्यांच्याकडे एक गाडी आहे. आत नर्स, औषधं, मलमपट्टीचं सामान. ती गाडी दर आठवड्याला एका गावात उभी राहणार होती. कोणत्या गावात, ते बघायला सिस्टरनी या पोराला त्याच्या पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे धाडलं होतं. अट एकच होती, गावानं एक खोली आणि एक नळ द्यायचा. खोली साऱ्या गावाची पाहिजे, कोणाच्या घरातली नको, कारण कोणाच्याही घरात सगळ्यांचे पाय पडू शकत नाहीत. सिस्टर या भागात बरीच वर्षं आहेत, त्यांना आम्ही चांगले माहीत आहोत.

मी गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. आणि अख्ख्या गावात कमोड फक्त आमच्या घरी, म्हणून मुक्कामही आमच्याकडेच. तो कमोड आमच्या आत्याबाईंसाठी बसवलेला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघे गेलेले, शुगर वाढलेली, आणि जिभेला मात्र काही एक झालेलं नाही.

त्या वेळी त्यांच्या उजव्या पायाला जखम होती. नवी चप्पल चावली, करंगळीशेजारी फोड आला, फुटला, आणि भरून यायचं नावच घेईना. परभणीच्या डॉक्टरनं बघून सांगितलं होतं, रोजच्या रोज ड्रेसिंग झालं पाहिजे, नाहीतर बोट काढावं लागेल. "काढावं लागेल" एवढाच शब्द आत्याबाईंनी ऐकला आणि तिथून ज्या उठल्या त्या परत गेल्या नाहीत. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात, गळ्यातल्या लिंगासकट. "मी अख्खी बसणार," त्या म्हणायच्या. "शंकरापुढं काय लंगडत जाऊ व्हय?" घरचं किराणा दुकान चालवणारे माझे मालक समजावून थकले, मी भांडून थकले. जखमेवर हळद आणि विभूती लावून वर फडकं बांधायचं, हा त्यांचा इलाज. वास यायला लागला की उदबत्ती लावायच्या.

पोरगं गावात आलं त्या दिवशी संध्याकाळीच पारावर बैठक बसली. धर्म बदलायला आलाय, अशी कुजबुज चार टाळक्यांनी आधीच उठवून ठेवली होती. त्यावर माजी सरपंचांनी तोडगा काढला. हा माणूस जमीनदार, बोलणं तोलून मापून. "त्याला मोकळं सोडू नका. मोकळं सोडलं की त्यो लोकांत मिसळतंय, मिसळला की बोलतंय. सत्कार करा. रोज करा. स्टेजवर बसलेला माणूस काय करणार हाय?" सरपंचांचं आणि माजी सरपंचांचं गेल्या निवडणुकीपासून हाडवैर, पण सत्कार म्हटल्यावर दोघं एका सतरंजीवर आले. फक्त एका सत्कारात दोघांचं कसं भागणार? म्हणून प्रत्येक सत्कार दोनदा करायचं ठरलं.

मला तर हसावं की रडावं कळेना. त्या पोराला म्हणे प्रशिक्षणात सांगितलं होतं की पहिला आठवडा फक्त लोकांचं ऐकून घ्या. आमच्या गावात ती सोय आपोआप होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी आपली लिंगपूजा उरकली आणि परात, तांब्या, पाट घेऊन ओसरीत आल्या. घरी स्वामी आले की आमच्यात त्यांचे पाय धुतात, पूजा करतात. मालक म्हणाले, "आई, त्यो आपला स्वामी न्हाई. त्याचा देवच येगळा हाय."

"घरदार सोडून आलाय का न्हाई? देवाचं नाव घेतंय का न्हाई? मग अजून काय पायजे स्वामी व्हायला, शिंगं?"

पोरगं पाटावर उभं राहिलं. आत्याबाईंनी वाकून त्याचे पाय धुतले, पुसले, विभूतीची बोटं ओढली, वर झेंडूचं फूल ठेवलं. पोरगं कानापर्यंत लाल झालं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला भरभर काहीतरी सांगायला लागलं. त्यांच्याही धर्मात पाय धुतात म्हणे, पण उलट, गुरूनं शिष्याचे धुवायचे असतात. आता ते आजींचे पाय धुणार.

मी हे आत्याबाईंना सांगितलं मात्र, त्या किंचाळल्याच. "शिव शिव शिव! स्वामीनं माझे पाय धुवायचे? नरकात धाडायलंय का मला हे लेकरू?" पण लेकरू खाली बसलेलं होतं. त्यानं एक पाय धुतला. दुसऱ्यावरचं लुगडं सारलं आणि फडकं दिसलं. फडकं सोडलं तेव्हा उदबत्तीलाही न जुमानणारा तो वास ओसरीभर पसरला.

वयानं लहान, दिसायला बावळट, पण त्या क्षणी त्याचा चेहरा शहाण्या माणसाचा होता. नुसत्या प्रथमोपचाराचं शिक्षण झालेलं, तरी एवढं त्याला कळलं. मला म्हणालं, हिला आजच्या आज दवाखान्यात न्या. मी आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "परभणीला न्हाई. तुझी गाडी गावात येऊ दे. मी पयली येऊन बसते. स्वामीचा शब्द मोडणार न्हाई, पण परभणीला न्हाई म्हणजे न्हाई."

त्यानं तिथूनच सिस्टरना फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, गाडी सध्या जिंतूरकडे आहे, गावानं खोली दिली की मला कळव, दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवते. म्हणजे आता सगळं एका खोलीवर आणि एका नळावर आलं होतं. गावानं आज हो म्हटलं तर उद्या आत्याबाईंचा पाय नर्सच्या हातात.

तेवढ्यात दारात सरपंचांची जीप वाजली. शाळेत सत्कार होता. मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं, खोलीचं, गाडीचं, पायाचं. सरपंच म्हणाले, "देऊ की खोली! पाय कुठं पळून चाललाय व्हय? आधी कार्यक्रम. आमदारांचा पीए यायलाय." आणि पायावरचं फूल तसंच असलेल्या त्या पोराला जीपमध्ये घातलं.

आमच्याकडे सत्काराची एक शिस्त आहे. आधी सूचना मांडायची, मग अनुमोदन द्यायचं, मग प्रतिमापूजन, मग दिवा लावायचा. तो वाऱ्यानं विझतो, मग परत लावायचा. स्वागतगीत. मग शाल, श्रीफळ, टोपी-टावेल. ते एकानं देऊन चालत नाही, चौघांनी हात लावायचा आणि चौघांनी मोबाईलकडे बघायचं. नंतर प्रास्ताविक. प्रास्ताविकात वक्ता सांगतो की मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही, आणि तिथून पुढं खरी सुरुवात होते. नमनालाच घडाभर तेल जळतं आणि सत्कारमूर्तीची पाळी येईपर्यंत पोरं जेवायला पळालेली असतात. मग सूत्रसंचालक म्हणतो, वेळेअभावी पाहुण्यांचं मनोगत आपण नंतर कधीतरी ऐकू.

त्या दिवशी तसंच झालं. पोरगं दोनदा उठलं, दोनदा त्याला खांद्याला धरून बसवलं. एकदा मीच उठून माईककडे गेले, तर मुख्याध्यापक कानात म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव पत्रिकेत न्हाई."

मग पोरानं हट्टच धरला. रात्री जेवताना मला म्हणालं, मला हे मराठीत शिकवा, म्हणजे कोणी थांबवणार नाही. मी त्याला एकच वाक्य शिकवलं. "दवाखान्याच्या गाडीला एक खोली आणि एक नळ द्या." ते भाकरीचा घास हातात धरून घोकत बसलं. आत्याबाई त्याचे उच्चार दुरुस्त करत होत्या. ळ काही त्याच्या जिभेला जमत नव्हता. "नळ म्हण, नळ. जीभ मागं घे. तुमच्यात जीभ मागं जात न्हाई का?" दोघं असे हसले की मालकही ताटावरून उठून बघायला आले.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगताना मला आजही संताप येतो. बचत गटाचा सत्कार झाला, सोसायटीचा झाला, भजनी मंडळाचा झाला, प्रत्येक दोनदा. पोरगं प्रत्येक घरी चहा पीत होतं, कारण भारतात कोणाला नाही म्हणू नये असंही त्याला शिकवलेलं. ते म्हशीलासुद्धा नमस्कार म्हणायचं. बायका त्याला बघायला दारात यायच्या, त्याच्याबरोबर फोटो काढायच्या, आणि कोणाला ताप असेल, कोणाची कंबर धरली असेल, तर ते सांगायच्या आतच पुढच्या सत्काराची माणसं त्याला उचलून न्यायची.

खोलीचं मी रोज विचारत होते. गावात समाजमंदिराची खोली आहे, उत्तम आहे. पण तिची किल्ली माजी सरपंचांकडे, कारण आत त्यांच्या सोयाबीनची पोती. ते म्हणाले, "खोली आजच्या आज रिकामी करतो. पण नळ सरपंचाच्या हातात हाय, त्यांना आधी नळ सोडू द्या." सरपंच म्हणाले, "नळ सोडतो की. आधी त्यांना पोती काढू द्या." आयाबाया कण्हतायत आणि हे दोघे एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करतायत. लग्नातल्या पंगतीत ठीक आहे हो ते.

इकडे फडकं रोज बदलत होतं पोरगं. गरम पाणी, मीठ, त्याच्या पिशवीतलं औषध, जे काय त्याच्याकडे होतं ते. आत्याबाई त्याच्यापुढे पाय करून बसायच्या. आधीचा तो शिव शिव बंद झाला होता. एका सकाळी फडकं सोडल्यावर त्यानं करंगळीकडे बघितलं, दाबलं, आणि आत्याबाईंना दुखलं का विचारलं. "न्हाई बा, आता दुखत न्हाई. बरं व्हायलंय बग," त्या म्हणाल्या. पोरानं माझ्याकडे बघितलं. करंगळी काळी पडत चालली होती.

मी त्या दिवशी आत्याबाईंशी कडाक्याचं भांडले. ओढून नेते म्हणाले, रिक्षाही बोलावली. त्यांनी खांबाला मिठी मारली. सत्तरीची बाई, पण काय जोर! शेवटी रिक्षावालाच म्हणाला, "ताई, जबरदस्ती करू नका, मी जातो."

रविवारी पोराचा निरोपसमारंभ होता, महादेवाच्या मंडपात. आठवडी बाजाराचा दिवस, त्यामुळे गर्दी दांडगी. पायामुळे आत्याबाई तेवढ्या घरी राहिल्या. या वेळी दोन्ही पार्ट्या एकाच स्टेजवर. मी सूत्रसंचालकाला आधीच गाठून सांगितलं होतं, आज पाहुण्याला माईक दिला नाहीस तर तुझ्या पोरीच्या इंग्रजीचं तू बघ. तो घाबरला. मनोगत जाहीर झालं.

पोरगं उठलं. डोक्यावर टोपी, गळ्यात हारांचा ढीग. माईक दोन्ही हातांनी धरला आणि एकेक शब्द वेचून, स्पष्ट, त्यानं सांगितलं, "दवाखान्याच्या गाडीला, एक खोली, आणि एक नळ द्या."

मंडप दणाणला! टाळ्या, शिट्ट्या. "आरं, मराठी बोलायलंय की!" "काय फाडफाड बोललं गड्या!" सगळ्यांचे मोबाईल वर. पोरगं गोंधळलं. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यानं परत सांगितलं, अजून मोठ्यानं. परत टाळ्या, दुप्पट. तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज कापत होता. बायका डोळे पुसायला लागल्या, किती गोड बोलतो म्हणून. सरपंच उठले, त्याला मिठी मारली आणि माईक घेऊन म्हणाले, "सातासमुद्रापारचा माणूस आपल्या मायबोलीत बोलतो, याहून मोठी गोष्ट कोणती? जे बोलले ते काळजातून बोलले." माजी सरपंचांनी अनुमोदन दिलं. मी खालून ओरडले, "अहो, तो खोली मागतोय!" माझा आवाज आभारप्रदर्शनात गेला. पालथ्या घड्यावर पाणी तरी थोडा वेळ दिसतं, इथं तेही नाही.

दुपारी तो व्हिडिओ जिकडेतिकडे फिरत होता. आमच्या दुकानात बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा नाईक साखर न्यायला आला होता. तांडा आमच्या गावापासून ओढ्यापलीकडे. तिथली माणसं आमच्याच दुकानातून माल नेतात, पण आमच्या ओट्यावर त्यांना बसा असं कधी कोणी म्हटलेलं नाही. नाईकानं उभ्या उभ्या मोबाईलवर व्हिडिओ बघितला आणि मालकांना विचारलं, "सावकार, हे मागायलंय ते त्याला कोणी दिलं का मग?"

"काय मागायलंय?" मालक म्हणाले. मंडपात सगळ्यात मोठ्यानं टाळ्या यांनीच वाजवल्या होत्या.

नाईकानं व्हिडिओ परत लावला. तेव्हा कुठं मालकांना ऐकू आलं. ते खुर्चीतून उठलेच. नाईक आत बघून पोराला म्हणाला, "खोली आमच्या तांड्यावर हाय. शाळेची जुनी. नळ न्हाई, हापसा हाय. चालतंय का?" मी इंग्रजीत सांगितलं. पोरानं नाईकाचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तांड्यावर आली. आत्याबाईंना स्कूटीवर मागं बसवून मी ओढा ओलांडला. मला वाटलं होतं, तांडा म्हटल्यावर कुरकुरतील. एक शब्द बोलल्या नाहीत. तिथल्या एका म्हातारीनं खाट रिकामी करून दिली, तांब्याभर पाणी आणलं. आत्याबाईंनी तांब्याकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं आणि घटाघटा पाणी प्यायल्या. नर्सनं फडकं सोडलं. आतलं बघून तिनं आधी मलाच झापलं. "आठ दिवस काय करत होता तुम्ही? तेव्हा आला असता तर मी धुऊन-पुसून वाचवलं असतं. आता दोन बोटं जाणार. आत्ता निघालात तर पाय राहील." मी काय सांगणार होते तिला? सत्कार करत होतो?

आत्याबाईंनी पोराकडे बघितलं. "जाऊ का रं, स्वामी?" पोरानं मान हलवली. त्याच गाडीत बसून त्या परभणीला गेल्या, मिठी मारायला तिथं खांबही नव्हता.

दोन बोटं काढली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी ती बोटं मागितली, पुरायची म्हणून. दवाखान्यानं दिली नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा मी आत्याबाईंना रडताना बघितलं, तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता.

संध्याकाळी पोरगं भेटायला आलं. सिस्टरनी त्याला समजावलं असणार, पण त्याला ते पटलेलं दिसत नव्हतं. खाटेशेजारच्या स्टुलावर बसलं, पट्टी बांधलेल्या पायाकडे बघितलं, आणि ओक्साबोक्शी रडायला लागलं. मला म्हणत होतं, मी नीट सांगितलं नाही, माझे उच्चार चुकले, मी अजून चांगलं शिकायला पाहिजे होतं.

आत्याबाईंनी मला विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं.

त्यांनी हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला. "न्हाई रं लेकरा," त्या म्हणाल्या. "तू चांगल्या मराठीत सांगितलंस. मला घरात बसून ऐकू आलं."